गोठ्यातलं तीन काट्यांचं घड्याळ

काम साधं होतं. भोरहून एक नवं भिंतीवरचं घड्याळ आणायचं, मार्गासनीच्या पुढं आमच्या वाडीवर यायचं, सावळारामच्या गोठ्यातलं जुनं मोडकं घड्याळ काढून घ्यायचं, बदल्यात नवं द्यायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी. एवढ्याशा कामाला गेलेला माणूस भूत बघून येतो का? आला. केशव त्याचं नाव. मी ओळखतो त्याला. ओळखतो म्हणजे, तोंड बघायची इच्छा नाही इतका ओळखतो.

पण थांबा. तुम्ही डोंगर चढून आलेली कॉलेजची पोरं, तर आधी तुमच्यातल्या या विराजचं बघतो.

"ए विराज, मघाशी भाकरी मोडताना काय बोललास? परत बोल."

"काही नाही तात्या. डोंगराच्या वरच्या धारेवर तो काळा दगड लागला ना, फुलं वाहिलेला. मी म्हटलं, इथंच ते छोटं विमान पडलं होतं. पायलट यंत्राचा आकडा फिरवायला विसरला म्हणून."

"कोन म्हनलं तुला?"

"सगळेच म्हणतात. पेपरात आलं होतं."

सगळेच म्हणतात! सगळे तर मलाही चावट म्हातारा म्हणतात. ते खरं आहे, तो भाग वेगळा. सकाळी तुमच्या बुटांत भुईमुगाची टरफलं मीच भरली. शुभ्रा, तुझी टोपी म्हशीच्या शिंगावर मीच अडकवली आणि तिच्या डोक्यावर ती तुझ्यापेक्षा शोभली. हसा. आत्ताच हसून घ्या. पण त्या मेलेल्या पोराला माझ्यासमोर विसराळू म्हणायचं नाही. खोटं छापलं तेव्हा पहिल्या पानावर छापलं, विमानाच्या तुकड्यांच्या फोटोसकट. खरं छापलं तेव्हा चार ओळी, आतल्या पानावर, गुरांच्या ढेपेच्या जाहिरातीखाली. ते तू कशाला वाचशील? तुला कुठं ढेप घ्यायची होती!

मिताली, तो कंदील जवळ घे. लाईट काय आता येत नाही. सांगतो.

आता मी सातवी नापास. तीसुद्धा दोनदा. त्यामुळं विमानाचं मला काय कळतंय असं मनात आणू नका. मला हे मालिनीताईंनी समजावलं. भोरला राजवाड्याजवळच्या आळीत राहतात, कचेरीत नोकरीला होत्या. आणि त्यांना समजावलं त्यांच्या पोरानं, शार्दूलनं, स्वयंपाकघरात ओट्यावर वाट्या उपड्या मांडून. वाटी म्हणजे डोंगर, उलथनं म्हणजे विमान.

विमानात उंचीचं एक यंत्र असतं. दिसायला घड्याळ, काटे तीन, आकडे दहाच. ते उंची मोजत नाही बरं का. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची सांगतं. वर गेलं की दाब कमी. पण हवा काय रोज एकसारखी असते? समुद्रात वादळ उठलं की जमिनीवरसुद्धा दाब उतरतो. मग विमान आहे तिथंच असतं, आणि काटा सांगतो, वर आहेस, वर आहेस, काळजी करू नको. म्हणून त्या यंत्राला एक इवलीशी खिडकी असते. खिडकीत आकडा. जिथं उतरायचं तिथल्या हवेचा आकडा खालच्या माणसाला विचारायचा, बोंड फिरवून खिडकीत आणायचा, की काटा खरं बोलायला लागतो.

"मग उंचावर असताना कुठला आकडा?" मितालीनं विचारलं.

शाबास. तुला चहा, विराजला नाही. उंचावर सगळ्यांचा आकडा एकच, एक हजार तेरा. विमान कुठल्याही गावचं असो. कारण तिथं भीती एकमेकांना धडकायची. सगळ्यांचे काटे सारखेच चुकले तरी मधलं अंतर राहतं. खाली भीती डोंगराची. आणि डोंगर काही बोंड फिरवत बसत नाही. खाली आलं की त्या गावची खरी हवा पाहिजे. जशी वेस असते ना? वेशीबाहेर सरकारी वेळ, वेशीच्या आत गावची वेळ. तसंच. चढताना वेस ठरलेली असते. त्या मैदानाभोवतीचे डोंगर बघून एकदाच ठरवतात, की अमुक उंची ओलांडली की गावचा आकडा सोडायचा. उतरतानाची वेस मात्र हलती. त्या वेळचा दाब बघून खालचा माणूस ती सांगतो. हवेचा दाब उतरला की ती वेस वर सरकवायची, म्हणजे चढणारा आणि उतरणारा यांच्यात जागा राहते. त्या वेशीतून खाली येताना वैमानिक एक हजार तेरा सोडतो आणि गावचा आकडा लावतो.

म्हणजे सगळा भार कुणावर? खाली खुर्चीत बसलेल्या माणसावर. त्यानं करायचं काय? दाबाच्या यंत्राकडं बघायचं. नांगर धरायचा नाही, दगड फोडायचे नाहीत. नुसतं बघायचं!

तो खुर्चीतला माणूस केशव.

कुठल्या विमानशाळेचं मैदान ते विचारू नका, मी सांगणार नाही. भोरचाच हा. मालिनीताईंच्या आळीपासून दोन आळ्या सोडून घर. शार्दूल त्याला लहानपणापासून केशवकाका म्हणायचा. त्या दिवशी शार्दूल दोन माणसांचं विमान घेऊन एकटाच कोकणातून घाटावर येत होता. वादळ उद्या येणार म्हणाले होते, ते आजच वळलं. दाबाचं यंत्र होतं व्हरांड्याच्या पल्याडच्या खोलीत. व्हरांड्यात पावसाचं पाणी. आणि या सायबाच्या पायात नवे बूट.

बूट भिजतील म्हणून तो उठला नाही.

त्याची रीतच होती ती. सकाळी एकदा बघायचं आणि दिवसभर त्यातच एक मिळवायचा, एक वजा करायचा. हवा काय पळून जातीय का, म्हणायचा. त्या दिवशी हवा पळाली. सकाळी यंत्रावर एक हजार आठ होतं. संध्याकाळी नऊशे शहाण्णव झालं. पोरानं वरून विचारलं, दाब सांगा. ह्यानं बसल्या जागेवरून सांगितलं, एक हजार आठ. वेससुद्धा सकाळचीच सांगितली. बारा आकड्यांचा फरक, आणि आकड्यामागं अठ्ठावीस फूट. करा हिशेब, कॉलेजात जाता ना?

"तीनशे छत्तीस फूट," मिताली म्हणाली.

तेवढा तो खाली होता. ढगात. काटा म्हणत होता, धार तुझ्या पायाखाली आहे. धार होती नाकासमोर.

मग चौकशी झाली. केशव बोलला, मी शहाण्णव सांगितलं होतं, पोरानं आकडा फिरवलाच नसणार, एक हजार तेरावरच विसरला असणार. बोलणं टेपवर घ्यायची सोय त्या मैदानावर बंद पडलेली. मेलेला काय उठून सांगतोय? विमानातलं यंत्र सापडलं असतं तर खिडकीतला आकडा बोलला असता. यंत्र सापडलं नाही. लिहिलं त्यांनी, वैमानिक विसरला. आणि हा केशव तेराव्याला मालिनीताईंच्या घरी पंगतीत बसला. आमटी दोनदा मागून घेतली. आणि हात धुताना लोकांना म्हणाला, पोरगं हुशार होतं हो, पण जरा विसराळू.

मला सांगा, असल्या माणसाला काय करावं? मी असतो तर आमटीत... जाऊ दे.

यंत्र सापडलं नाही, कारण ते सावळारामच्या गोठ्यात होतं.

विमान पडल्यावर दुसऱ्या दिवशी सावळाराम म्हशी चारायला धारेखाली गेला. करवंदीच्या जाळीत हे चकाकताना दिसलं. काच शाबूत, मागची डबी चेपलेली पण फुटलेली नाही, काटे अडकलेले, बोंड गच्च. गड्याला वाटलं घड्याळ. कुठल्या सायबाच्या मनगटावर एवढं वाडगाभर घड्याळ असतंय, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. आणून गोठ्यात खिळ्याला टांगलं. बनावहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "अवं, ह्यात धाच आकडं हायती. अकरा-बारा कुठं गेलं?" तर हा म्हणतो, "इमानवाल्यांची डूटी धापत्तूरच आसंल."

तीन वर्षं ते तिथं होतं. आम्ही रोज त्याच्याखाली तंबाखू मळायचो. ते काय आहे हे आम्हाला ठाऊक नाही आणि तिकडं भोरात एक आई लोकांच्या नजरा चुकवत भाजी आणत होती.

मग सावळारामच्या नातीनं, शिवानीनं, त्याचा फोटो मोबाईलवर टाकला. खाली लिहिलं, आमच्या आज्जाचं धा आकड्यांचं घड्याळ. लोक हसले. एक माणूस हसला नाही.

गेल्या साली, कार्तिक वद्य त्रयोदशी, बुधवार. समुद्रात परत वादळ उठलेलं. वारा नाही, पानसुद्धा हलत नाही, अंगाला हवा चिकटलेली. दिवस मावळताना केशवची पांढरी गाडी वर आली. बगलेत खोकं, त्यात सोनेरी काठाचं नवं घड्याळ, तेही वाडग्याएवढंच. मी इथंच बसलो होतो, ह्याच बाजेवर.

"मला जुन्या घड्याळांचा नाद आहे," तो म्हणाला. "तुमचं ते मोडकं द्या, हे नवं ठेवा."

सावळाराम खूश. "घ्या की पावणं. त्येचा काय उपेग न्हाई. सदानकदा तीच येळ दावतंय."

मला मात्र शंका आली. नवं देऊन मोडकं नेणारा माणूस एकतर येडा, न्हाईतर चोर. आणि येडा दिसत नव्हता. बूट लई चकचकीत होते.

मी म्हणालो, "पावणं, च्या घ्या आत जाऊन. मोडकं म्या बांधून देतो पोत्यात. नवं उद्या टांगतो, राहू द्या खोक्यात."

तो आत गेला. मी पोत्याला सुतळीच्या तीन गाठी मारल्या. चहा पिऊन आल्यावर त्यानं पोतं उचललं, हातानं चाचपलं, गोल काठ लागला, समाधान झालं. गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं. आणि निघाला.

ह्याच्यापुढचं मी बघितलं नाही. केशवनंच सांगितलं, त्याच रात्री, ह्याच अंगणात. दातावर दात आपटत सांगितलं. त्यामुळं मी त्यात माझं मीठ टाकणार नाही. विराज, त्या कुडाकडं काय बघतोस? मांजर आहे. बहुतेक.

वाडीची कच्ची वाट उतरली की डांबरी लागते. तिथून पुढं गुंजवणीवरचा पूल. त्याचा बेत साधा होता. पुलावर थांबायचं, यंत्र डोहात टाकायचं, नसरापूरवरून भोरला जाऊन पोटभर जेवायचं. वरव्याला त्याची बहीण दिली आहे, तिथं टेकून चहा घ्यायचाही विचार होता म्हणे. म्हणजे बघा.

वळणावर धुकं लागलं. गाडीत गाणी लावलेली. मोबाईलला रेंज नव्हती, ती त्या वळणावर नसतेच.

गाणं मध्येच थांबलं.

मग शेजारून आवाज आला. टिक. टिक. टिक.

त्यानं पोत्याकडं बघितलं. तीन वर्षं बंद पडलेलं यंत्र. त्यात घड्याळाचा काही संबंधच नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी आतून... टिक. टिक.

त्यानं गाणं परत लावायला बोट पुढं केलं. गाडीतल्या गाण्यांच्या डब्यातून खरखर आली. आणि खरखरीतून आवाज. शांत. आदबशीर.

"केशवकाका."

त्यानं बोट मागं घेतलं.

"केशवकाका, शार्दूल बोलतोय. खाली येतोय. दाब सांगा."

गाडी चालली होती. डब्यावर हिरवा दिवा.

"काका... दाब सांगा."

आणि वरून, गाडीच्या टपावरून, ढगातून, इंजिनाची घरघर. बारीक. लांब. गोल फिरणारी.

माणसाला सवयीचं तोंड असतं. तीन वर्षं चौकशीत, पंगतीत, पानाच्या टपरीवर जे बोलत आला तेच तोंडात आलं. केशव म्हणाला, "नऊशे शहाण्णव."

घरघर थांबली नाही. डबा गप्प झाला. टिक. टिक.

"तेव्हा हे सांगितलं नव्हतंत, काका."

आता तो आवाज शांत नव्हता.

केशवच्या कानांत दडे बसले. घाट उतरताना बसतात तसे. पण रस्ता सपाट होता, लेकांनो. सपाट. तरी कान आत ओढले जात होते. म्हणजे तो खाली चालला होता. कुठं खाली, ते कळेना.

पूल आला. त्यानं गाडी थांबवली, पोतं उचललं, कठड्याशी धावला. हातात ते टिकटिकत होतं. जिवंत उंदीर धरावा तसं. दोन्ही हातांनी भिरकावलं.

डुब्बुक्.

टिकटिक थांबली.

घरघरही थांबली. धुक्यात फक्त नदी. त्यानं घाम पुसला. हसलासुद्धा, म्हणाला. स्वतःच्याच भित्रेपणाला हसला. गाडीत बसला, किल्ली फिरवली.

"बघून सांगा, काका."

किल्ली हातातच राहिली.

"...बघून... सांगा."

घरघर डोक्यावर. आता लांब नाही. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. त्यानं गाडी दामटली. पूल सोडला. धुकं फाटलं...

समोर रस्ता नव्हता.

समोर कातळ. ओला. काळा. गवतासकट. दिव्यांच्या उजेडात एकेक पातं दिसतंय. नाकासमोर.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. कातळ... थांबला नाही. पुढं येत होता.

"बघून सांगा!"

काय सांगणार? सांगायला त्याच्याकडं काय होतं? एक हजार आठ सकाळचा. शहाण्णव दुसऱ्याकडून ऐकलेला. त्या संध्याकाळचा, त्या घटकेचा आकडा त्यानं कधी बघितलाच नव्हता. जगात एक माणूस होता ज्याला तो बघायचा होता, आणि त्यानं...

कातळ काचेला लागला.

"मी बघितलं नाही!" केशव ओरडला. "बघितलंच नव्हतं रे! उठलोच नाही! शार्दूल... मी उठलोच नाही..."

...

...

काही नाही.

घरघर नाही. कातळ नाही. समोर डांबरी रस्ता, त्यावर एक बेडूक. हिरवा दिवा विझलेला. डब्यातून शेवटचं एक वाक्य आलं, अगदी हळू. ते वाक्य त्यानं आम्हाला सांगितलं नाही. मी खोदून विचारलं. हात जोडले त्यानं, पण सांगितलं नाही.

गाडी तिथंच टाकून तो चालत परत आला. चढ चढत, अंधारात. बूट कुठं गेले त्यालाही ठाऊक नाही. मध्यरात्र उलटली असेल, सावळारामचं दार ठोठावलं. मी बाहेरच निजलो होतो. म्हटलं, आला! आता मजा.

कारण, लेकांनो, पोत्यात मी मोडकं बांधलंच नव्हतं.

हसा की! मी नवंच बांधलं होतं. सोनेरी काठाचं. त्याचंच त्याला परत. मोडकं होतं तिथंच खिळ्याला, आणि खोक्यात बनावहिनींची जुनी ताटली. म्हटलं, घरी जाऊन सोडेल पोतं, आणि उद्या बोंबलत येईल, मग विचारू, काय रे बाबा, मोडक्यासाठी एवढा का तडफडतोस? टिकटिक कशाची होती, कळलं आता? नव्या सेलची! त्या टिकटिकीनं त्याचा जीव निम्मा झाला. ती माझी. तेवढी मी कबूल करतो, आणि आनंदानं करतो.

शुभ्रा म्हणाली, "म्हणजे तात्या, भूत तुम्हीच!"

टिकटिकीपुरता. आवाज मी काढला? इंजिन माझं? मला साधी शिट्टी वाजवता येत नाही, पुढचे दात गेल्यापासून.

ऐक. तो अंगणात पडला आणि सगळं ओकला. बूट, व्हरांडा, सकाळचा आकडा, चौकशीतलं खोटं. बनावहिनींनी पाणी दिलं नाही. त्या बाईनं आजवर कुत्र्याला पाण्याला नाही म्हटलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आन् तिच्या दारात जेवलासा?"

मला राग अनावर झाला होता. पण खोड जात नाही. म्हटलं, ह्याला आता दाखवतोच. "ऊठ," म्हणालो. "नदीत टाकलंस व्हय? ये. बग." कंदील घेतला, गोठ्यात नेलं, खिळ्याशी धरला.

यंत्र तिथंच होतं. मी टांगलं तसंच.

ओलं.

पाणी ठिबकत होतं त्यातून. खाली शेणावर डबकं साठलेलं. वर पत्रा कोरडा ठणठणीत. पाऊस नाही, गळती नाही, म्हैस दोन हात लांब बांधलेली, दावं ताणून भिंतीला चिकटून उभी. मी हात लावला. गार. डोहाचं पाणी असतं तसं गार.

मी हसायचं विसरलो, लेकांनो. मी. विसरलो.

उजाडल्यावर पहिल्या जीपनं भोर गाठलं. मी, सावळाराम आणि मध्ये केशव. यंत्र मी मांडीवर घेतलं होतं, धोतर भिजलं तरी.

मालिनीताईंनी दार उघडलं. त्यांना काही सांगायची गरज लागली नाही. यंत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि आधी खिडकीत बघितलं. काटे नाही, आम्ही नाही. खिडकी.

"एक हजार आठ," त्या म्हणाल्या. "तेरा नाही. त्यानं फिरवला होता."



"त्यानं मला वाट्या मांडून शिकवलं होतं, केशवराव. तो विसरणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फक्त त्याला आकडा कुठला दिला गेला, ते ठाऊक नव्हतं."

केशव पायांवर वाकायला गेला. त्या मागं सरल्या.

"तेराव्याला तुम्ही दोनदा आमटी घेतलीत. मी वाढली ती. माझ्या हातानं." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चला पुण्याला. जिथं खोटं बोललात तिथं बोला."

"वहिनी, पायात काही... घरून चपला तरी..."

"अनवाणीच."

गेले. बोलला तो. खिडकीतला आकडा आणि त्याचं तोंड, दोन्ही एकमेकांना जुळलं. कागदावरून 'विसरला' हा शब्द खोडला गेला. त्याच त्या चार ओळी, ढेपेच्या जाहिरातीखाली. विराज, उद्या कॉलेजात जाशील तेव्हा जोरात सांग. पहिल्या पानावर छापल्यासारखं सांग.

"सांगेन," विराज म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण तात्या, पाणी तुम्हीच ओतलं असणार. अदलाबदल तुमची, मग पाणीही तुमचंच."

मला ठाऊक होतं तू हे म्हणणार. मीसुद्धा हेच म्हणालो असतो. बाहेरून तांब्याभर पाणी कुणीही ओतेल.

यंत्र आता मालिनीताईंच्या पुढच्या खोलीत आहे, शार्दूलच्या फोटोशेजारी. पुण्याला तपासणाऱ्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं होतं. डबी फुटलेली नाही. हवा आत यायची मागची नळीसुद्धा चेपून बंद झालेली. काच पक्की, कडेनं लाख धरल्यासारखी बंद. कुठं सुई जाईल एवढी फट नाही. जाऊन बघ. भोरलाच राहतोस ना?

काचेच्या आत, काट्यांच्या खाली, निम्म्यापर्यंत पाणी आहे.

तळाशी नदीची वाळू... आणि शेवाळाची एक हिरवी काडी.